नावाड्याला गुहेत काय काम?

“हनुवटी इथे ठेवा. कपाळ वरच्या पट्टीला टेकवा. आता माझ्या उजव्या कानाकडे बघा.”

तो कानाकडे बघू लागला. डोळ्याच्या आत प्रकाश टाकताना समोरच्याने कानाकडेच बघायचं असतं. त्यामागे शास्त्र आहे. पण तिच्या मते शास्त्र नसतं तरी तसंच सांगावं लागलं असतं. चार इंचांवरून कुणाला ‘माझ्या डोळ्यांत बघा’ म्हटलं की तो एक तर लाजतो, नाही तर स्वतःबद्दल सांगायला लागतो, आणि दोन्हीत दुकानाचा वेळ जातो.

दुकान मावशीचं होतं. पुढे चष्मे, मागे पडदा, पडद्याआड ही अंधारी खोली आणि खोलीत ती. नंबर काढून देणं हे तिचं काम. लोक तिला डॉक्टर म्हणत. पहिली दोन वर्षं ती सांगत राहिली, “मी डॉक्टर नाही हो.” लोक म्हणत, “बरं डॉक्टर.” मग तिने नाद सोडला.

“डोळे कधीपासून लाल आहेत?”

“तीन वर्षं.”

“तीन वर्षं?”

“सलग नाही. मधे दोनदा पांढरे झाले होते.”

“काम काय करता?”

“इमारतींचे नकाशे काढतो. भिंत कुठे, दार कुठे, नळ कुठून जाणार... पण डोळे त्याने लाल होत नाहीत.”

“मग कशाने?”

तो जरा घुटमळला. कानाकडे बघतच म्हणाला, “एका बाईला रडवायचा प्रयत्न करतोय. सुट्टीच्या दिवशी, सकाळपासून. पण... रडतच नाही ती.”

तिने दिवा बाजूला केला. मावशी हाकेच्या अंतरावर आहे ना, याचा अंदाज घेतला. होती. एका गिऱ्हाइकाला ‘ही फ्रेम तुमच्या चेहऱ्यावर खुलते’ असं सांगत होती. ते ती सगळ्यांनाच सांगायची.

“कोण बाई?”

“वैदीण आहे. जंगलात औषधं विकते.” मग आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. “अहो, खरी नाही! खेळातली!”

खुलासा असा, की बाजारात एक व्हिडिओ गेम होता. तलवारी, जादू, किल्ले, राक्षस. लाखो लोक राक्षस मारायला तो खेळत. हा माणूस मात्र एकही राक्षस न मारता तीन वर्षं त्या खेळाच्या आत बसून सिनेमा बनवत होता. खेळ बनवणाऱ्यांनी खेळाबरोबर त्याची अवजारंही वाटून टाकली होती. हवा तिथे माणूस उभा करा, त्याला चालवा, त्याच्या ओठांना आपला आवाज द्या, हवा तिथे कॅमेरा लावा. जंगल तयार, नदी तयार, नटनट्या तयार. आणि त्या रुसत नाहीत.

“गोष्ट काय आहे?” तिने विचारलं. दुसऱ्याचं दार किलकिलं दिसलं की तिची मान आपोआप वळायची.

“एक नावाडी आणि एक वैदीण. तो रोज तिला नदीपार सोडतो. बोलायचं असतं, पण बोलत नाही.”

“मग?”

“मग काय... नदी संपते.”

“आणि राक्षस?”

“एक आहे. आम्ही बोलवत नाही, तो आपणहून येतो अधूनमधून. मग प्रसंग पुन्हा घ्यावा लागतो.”

“आणि रडण्याचं काय?”

“त्या खेळात मरायच्या अकरा तऱ्हा आहेत,” तो खिन्नपणे म्हणाला. “रडायची एकही नाही.”

“दाखवा बघू.”

त्याने फोन पुढे केला. नदीकाठ, संध्याकाळचं पिवळं ऊन, समोरासमोर उभे असलेले दोघं. तिने ते तीनदा बघितलं.

“हे प्रेमात आहेत?”

“अगदी पहिल्या नजरेपासून.”

“पण नजर आहे कुठे? ती त्याच्या कानाकडे बघतेय.”

“काय?”

“कानाकडे. डोळे तपासायला आलेली माणसं अशी बघतात. प्रेमात पडलेली नाही.”

त्याने फोन नाकाला लावला. नंबर खरोखरच वाढला होता. तीन वर्षं मित्र त्याला सांगत आले होते, ‘छान आहे रे, पण काहीतरी...’ आणि तिथेच वाक्य सोडून चहाकडे वळत आले होते. ते काहीतरी या बाईने अंधाऱ्या खोलीत बसून एका मिनिटात पकडलं होतं.

“कान...” तो म्हणाला. “तीन वर्षं... कान!”

“चष्मा शनिवारी मिळेल,” ती म्हणाली.

शनिवारी तो आला. चष्मा घातला, आरशात बघितलं, बरोबर आहे म्हणाला, आणि गेला नाही. चष्म्याचं घर उघडलं, मिटलं, उघडलं.

“तुम्ही... रविवारी काय करता?”

हा प्रश्न जगात बहुतेक करून एकाच हेतूने विचारला जातो. त्यामुळे मावशी हातातलं फडकं खाली ठेवून नीट ऐकायला उभी राहिली.

“का?”

“नाही, माझे अजून एकतीस प्रसंग आहेत. सगळ्यांत कानाचा घोळ आहे.”

“कान-नाक-घसा समोरच्या गल्लीत,” मावशी म्हणाली.

तरीही ती गेली. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत त्याचे बाबा, निवृत्त मुख्याध्यापक, हातात वर्तमानपत्र. सिनेमातल्या राजाचा आवाज त्यांचा होता. एकाच अटीवर त्यांनी तो दिला होता: राजा मरता कामा नये. त्यामुळे राजा तीन युद्धांतून वाचला होता, त्यांतल्या शेवटच्यातून अगदी विनाकारण. आतल्या खोलीत, कपाटाआडच्या कोंदट कोपऱ्यात कॉम्प्युटर आणि त्याची खुर्ची. तिच्यासाठी त्याने स्वयंपाकघरातून दुसरी खुर्ची आणली आणि खिडकीपाशी ठेवली.

“ही माणसं बघतात तरी कशाकडे?” तिने पहिल्याच रविवारी विचारलं.

“जवळ जे जिवंत आणि हलतं असेल त्याच्याकडे. खेळाचा नियम आहे. म्हणून माझी वैदीण पुष्कळदा घोड्याकडे प्रेमाने बघते.”

“मग नावाड्याच्या डोळ्यांपुढे काहीतरी जिवंत ठेवा ना. सगळ्यात लहान काय आहे तुमच्याकडे?”

“कोंबडी.”

त्याने एक कोंबडी घेतली. वाटाण्याएवढी केली, अदृश्य केली, आणि नावाड्याच्या दोन भुवयांच्या मधे टांगली. वैदिणीने डोळे वर केले. कोंबडी अदृश्य झाली तरी कोंबडीच. ती टोचा मारायला इकडेतिकडे सरकू लागली. आणि तिच्यामागोमाग वैदिणीची नजर त्याच्या उजव्या डोळ्यावरून डाव्यावर गेली... ओठांपाशी घसरली... खाली झुकली... आणि पुन्हा वर आली.

“अगं बाई...” ती म्हणाली.

“चुकलं का?”

“नाही. अस्संच बघतात.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“डोळे हा माझा धंदाच आहे,” ती म्हणाली, आणि उगाचच खिडकीबाहेर बघू लागली.

मग रविवारामागून रविवार गेले. तिने त्याला शिकवलं, की मन लागलं की माणूस पापणी कमी मिटतो. त्याच्या खेळातले लोक ठरलेल्या सेकंदाला पापणी मिटत, चौकातल्या दिव्यासारखी. त्याने एकेकाची पापणी दुरुस्त केली. वैदिणीला आवाज हवा होता, तो तिने दिला. पण देण्याआधी संवाद वाचले.

“‘हे वनसुंदरी, तुझे नेत्र जणू तारे’... हे नावाडी बोलतो?”

“का? काय झालं?”

“दिवसभर वल्ही मारणारा माणूस असं बोलेल? तो म्हणेल, ‘आज उशीर झाला.’”

“यात प्रेम कुठे आलं?”

“ती रोज किती वाजता येते ते त्याला पाठ आहे, त्यात आलं.”

त्याने तारे खोडले. ‘आज उशीर झाला’ असं लिहिलं आणि मोठ्याने म्हणून बघितलं. मग पुन्हा एकदा, हळू. दुसऱ्यांदा ते कुणाला उद्देशून होतं, हे काही कळलं नाही.

एका रविवारी ती चिंब भिजून आली. खेळातला पाऊस कुणालाच भिजवत नसे, छपरातूनसुद्धा खाली येई आणि माणसं कोरडी ती कोरडीच. त्यामुळे तो दारातच थबकला.

“अशीच थांबा जरा.”

“टॉवेल द्या आधी.”

“देतो हो... पण पाणी हनुवटीवर आधी साठतं होय? आणि मग पडतं?”

“टॉवेल!”

“अरे टॉवेल दे तिला, शंखा!” बाहेरून राजाज्ञा झाली.

‘अहो-जाहो’ केव्हा गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही. बाबांना कळलं, त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

सगळं छान चाललं होतं. फक्त दोन गोष्टी तिला उलगडत नव्हत्या.

पहिली ही, की तो तिच्याकडे कधी बघायचाच नाही. बोलताना पडद्याकडे बघे, हसताना कीबोर्डकडे, चहा देताना कपाकडे. पहिल्याच दिवशी तिने त्याच्या डोळ्याच्या आत, अगदी मागच्या भिंतीवरच्या शिरेपर्यंत बघितलं होतं. आणि तरी त्या डोळ्यांत कोण आहे, हे तिला सांगता येत नव्हतं. हा तिला धंद्याचा अपमान वाटे.

दुसरी गोष्ट गुहेची. सिनेमात गुहा वाढत चालल्या होत्या.

“नावाड्याला गुहेत काय काम?” ती विचारी.

“पावसातून आडोशाला आलाय.”

पुढच्या रविवारी पुन्हा गुहा. “आता?”

“नदीचा उगम शोधतोय.”

त्याच्या पुढच्या रविवारी, “हरवलाय.”

गुहेत काही घडत नसे. पडदा पाच-पाच मिनिटं काळाकुट्ट, मधेच कुठेतरी पाण्याचा थेंब पडल्याचा आवाज. तो मात्र खुर्चीत पुढे वाकून तल्लीन होऊन बघत असे. तिला वाटे, कलावंत आहे, असेल काही.

आणि मग मावशीने दुसरं दुकान काढायचं ठरवलं. दुसऱ्या गावात, बसने दोन तासांवर. “तिथे तू बसायचंस,” ती म्हणाली. “तुझं दुकान, तुझी खोली. पुढच्या रविवारी रात्रीपर्यंत हो की नाही ते सांग. नाही म्हणणार असशील तर कारण सांग, नुसतं नाही चालणार नाही.”

कारण होतं. पण ते तिच्याकडे बघत नव्हतं. ज्याने एकदाही मान वळवली नाही, त्याच्यासाठी दुकान सोडणारी बाई सिनेमात शोभते; दुकानात नाही.

तिने त्याला सांगितलं.

“अच्छा,” तो पडद्याकडे बघत म्हणाला. थोड्या वेळाने, “कुठल्या रस्त्यावर?”

तिने रस्ता सांगितला. त्या दिवशी गुहेचा आणखी एक प्रसंग झाला.

शेवटच्या रविवारी शेवटचा प्रसंग घ्यायचा होता. तिने कागद वाचला. नाव काठाला लागते. वैदीण उतरते. निघून जाते.

“जाते?”

“जाते.”

“आणि तो काहीच बोलत नाही?”

“बोलून काय उपयोग? आमच्यात मिठी नाही.”

“म्हणजे?”

“खेळात मिठीच दिलेली नाही. तलवार उपसता येते, औषध पिता येतं, जखम बांधता येते. पण दोघांना जवळ आणलं की...” त्याने दाखवलं. नावाड्याचा हात वैदिणीच्या पाठीतून आरपार जाऊन पुढे निघाला. तिच्या चेहऱ्यावरची शांती जराही ढळली नाही.

“म्हणून ती जाणार?” तिचा आवाज चढला. “तयार मिठी मिळत नाही म्हणून तू दोन माणसांची ताटातूट करणार?”

“जे आहे त्यातच भागवावं लागतं गं.”

“आज रात्री मला मावशीला सांगायचंय.”

“माहितेय.”

“मग?”

तो कोंबडी सरळ करू लागला. कोंबडी सरळच होती.

“अरे, दूध उतू चाललंय!” बाबा ओरडले.

तो असा उठून धावला, जणू घराला आग लागली असती तरी त्याने आभारच मानले असते. ती एकटी राहिली. पडद्यावर मागच्या आठवड्याची गुहा तशीच थांबलेली होती. एवढं काय असतं त्या गुहेत, म्हणून ती उठली आणि त्याच्या खुर्चीत जाऊन बसली.

काळोख. नुसता काळोख. अंधाराला डोळे सरावायला वेळ द्यावा लागतो, हे तीच लोकांना सांगायची. तिने दिला.

काळोखात एक खिडकी उमटली. मग खिडकीच्या पडद्याची झालर. मग एक खुर्ची, तिच्या पाठीला अडकवलेली तिची पर्स. अगदी बरोबर मधोमध, उजेडात.

मग तिचं डोकं चालू लागलं. किरण कुठून निघतो आणि कुठे परततो, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. काळी काच म्हणजे आरसा. पण आरसा दोन्ही बाजूंनी चालतो. तो तिला त्यात बघत असेल तर त्याची नजर तिलाही दिसायला हवी होती. नाही दिसली, कारण ती खिडकीच्या उजेडात आणि तो कपाटाआड अंधारात. तिने वाकून आपल्या खुर्चीचे पाय बघितले. फरशीवर चारही पायांभोवती पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या. दर रविवारी तो खुर्ची त्याच जागी ठेवतो, त्याला ती टापटीप समजत आली होती.

तो दारात आला. हाताला दुधाचा वास, शर्टाला साय. ती कुठे बसलीय ते त्याने बघितलं, आणि पडद्यावर काय आहे तेही.

“बस,” ती म्हणाली. “तिथे. माझ्या जागेवर.”

तो बसला. गुहेत त्याचा चेहरा उजळला. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल. आपण त्याला दिसत नाही हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने मुळीच घाई केली नाही. पोटभर बघून घेतलं.

“नावाड्याला गुहेत काय काम होतं?”

तो शर्टावरची साय नखाने खरवडू लागला.

“सरळ माझ्याकडे बघितलं असतंस तर काय झालं असतं?”

“तू विचारलं असतंस, काय बघतोयस.”

“मग?”

“मग मला सांगावं लागलं असतं.”

“सांग की. आता विचारतेय.”

“मी लिहितो ते तुला आवडत नाही... तारे वगैरे.”

“तारे नकोत. जे आहे ते सांग.”

तो गुहेकडे बघत राहिला. “रविवारी जेवण झालं की मी जिन्यावरची पावलं ऐकत बसतो. वरच्या मजल्यावरची सगळी माणसं मला पावलांवरून कळायला लागलीत. कुणाच्या चपलेचा पट्टा सुटलाय तेसुद्धा. पण तुझी कशी वाजतात ते मला अजून सांगता येत नाही.”

“का?”

“ती आली की... मला पुढचं ऐकू येत नाही.”

बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्राची सळसळ एकदम बंद पडली.

“हे नावाड्याच्या तोंडी घाल,” ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच जरा वेगळा वाटला. “जिन्याऐवजी पायवाट कर.”

“म्हणजे ती थांबते?”

“ऐकून घेतल्यावर तिचं ती ठरवेल. मिठीची काळजी तू करू नकोस. पण मावशीला मी काय सांगू? ‘नको जाऊस’ एवढं तरी म्हण, म्हणजे मला कारण मिळेल.”

“नको जाऊस असं कसं म्हणू?” तो गडबडून उठला. कपाटामागे हात घालून त्याने एक गुंडाळी काढली आणि कीबोर्डवरच पसरली. “मंगळवारी रजा टाकून जाऊन आलो. आधी बाहेरून मापं घेतली. मग जागेच्या मालकाने हटकलं, मग आतून घेतली.”

नकाशा होता. मावशीच्या नव्या दुकानाचा. पुढे काउंटर, मागे पडदा, पडद्याआड खोली.

“तुझी खोली आखूड आहे. अक्षरांचा तक्ता लांब लागतो ना? म्हणून तक्ता पेशंटच्या डोक्यावर लावलाय आणि समोर आरसा. अंतर दुप्पट होतं. तू बसशील तिथे दारातून उन्हाची झळ येत नाही. तुला आवडेल.”

“आणि तू?”

“नकाशे कुठेही बसून काढता येतात. सिनेमाही.” त्याने घसा साफ केला. “बाबांना विचारलंय. ते म्हणाले, राजा राजधानी हलवायला तयार आहे.”

“तयार आहे!” बाहेरून आवाज आला. “आधी तिला विचार की!”

ती नकाशावर वाकली. प्रत्येक चौकोनात त्याच्या बारीक, सरळ अक्षरात नाव होतं: काउंटर, कपाट, तपासणी. दुकानाच्या मागच्या अंगाला मात्र एक चौकोन कोरा होता. त्याला खिडकी होती.

“ही कसली खोली?”

“ती... अजून ठरलं नाही.”

“कुणाचं ठरलं नाही?”

“तुझं,” तो म्हणाला.

तिने त्याच्या खिशातली पेन्सिल काढली आणि खिडकीजवळ एक खुर्ची काढली. तिला चित्रकला कधीच आली नव्हती. खुर्चीने अर्धी खोली व्यापली. तो नकाशावर वाकला. काहीही झालं तरी धंदा तो धंदा, त्याच्याने राहवेना.

“प्रमाणात नाही आली,” तो म्हणाला. “खुर्ची फारच मोठी झाली.”

“दोघांची आहे,” ती म्हणाली.

त्याने नकाशावरून मान वर केली आणि सरळ तिच्याकडे बघितलं.